जावयाची हजेरी

कारंजा (घाडगे)
गुरुवार, २४ नोव्हेंबर २००५

प्रिय रीताताई,

माझं पत्र म्हटल्यावर तुला आधी वाटेल, कुणी गेलं का. कुणी गेलं नाही. आई बरी आहे, बाबांचा दमा थंडीनं थोडा वर आला आहे, आणि तांबडी गाय व्याली, गोऱ्हा झाला. दिवाळीत तळेगावला गेलतो तेव्हा आईनं सगळ्यात आधी मला तो गोऱ्हाच दाखवला, जसं काही तिलाच नातू झाला. मी पण बरा आहे, म्हणजे हातपाय जागच्या जागी आहेत. आठवी नापास माणूस एवढं शुद्ध काहून लिहून राह्यला म्हणून तू हसशील. हसून घे. गुरुजींनी शिकवलं तसं जपून लिहितो आहे, कारण हे पत्र तुझ्यानंतर आणखी कुणाच्या तरी हातात जाईल असं वाटतं. कुणाच्या, ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर माझाच हात थांबेल.

मी इथे हायवेवर बाबारावांच्या ढाब्यावर आहे, एप्रिलपासून. कुणाला सांगितलं नव्हतं. तुला वाटत असेल मी ट्रकवर क्लीनर होऊन ओरिसाला गेलो, आईलाही मी तेच सांगितलं होतं. ओरिसाला जाणार होतोच. पहिल्याच दिवशी ट्रक इथे जेवायला थांबला, मी मागे पाण्याच्या टाकीवर हात धुवायला गेलो, तिथे एक म्हातारा ड्रायव्हर टायरमधून खिळे काढत बसला होता, आणि त्यानं ते खिळे एका डबीत जपून ठेवलेले, कोणता कुठल्या गावाला लागला ते सांगत होता. मी ऐकत बसलो. परत आलो तर ट्रक गेलेला. असं माझं सगळं आयुष्य आहे, तुला माहीतच आहे. आता दुपार आहे, गिऱ्हाईक नाही, मागच्या खाटेवर बसून लिहितो आहे. मोटारसायकलचा आवाज आला की वही उशीखाली सारतो. आतापर्यंत चार वेळा सारली. चारही वेळा दूधवालेच निघाले.

पहिली चोरी सांगून टाकतो. दिवाळीत तुझं आईला आलेलं पत्र मीच वाचून दाखवलं. आईला वाचता येत नाही म्हणून तू नेहमी मोठं मोठं लिहितेस, तसंच लिहिलं होतंस. पण त्यातल्या चार ओळी मी गाळल्या. ‘गुलाब जिथे असेल तिथून त्याला धुंडून काढ, त्याला म्हणावं एकदा येऊन साहेबांपुढे सांग की तू मिलमध्ये होतास, बाकी काही नको.’ या ओळी आल्या तेव्हा मी खोकलो आणि सरळ ‘सर्वांना नमस्कार’वर गेलो. आई म्हणाली, एवढ्या पानायवर एवढंच लिवलं का रीतानं? मी म्हणालो, अक्षर मोठं आहे ना. त्या दिवसापासून ते पत्र माझ्या खिशात आहे. रोज वाचतो. घड्यांवर फाटत आलं आहे.

तुला वाटतं मी मालकांना, अण्णाजींना घाबरतो. त्यांना घाबरतोच. पण ताई, तेवढंच असतं तर मी दिवाळीच्या पाडव्यालाच हिंगणघाटला आलो असतो.

डाळमिलमध्ये मी कसा लागलो ते तुला माहीत आहे, पण पुन्हा लिहितो, लिहिलेलं बरं असतं. होळी झाल्यावर मी तुझ्याकडे, मिलच्या अंगणातल्या खोलीत, दोन दिवस राहायला म्हणून आलतो. भाऊजींनी मला मिल दाखवायला नेलं. अण्णाजी गादीवर बसून तुरीचे दाणे दातानं फोडून बघत होते. त्यांनी मला विचारलं, लग्न झालं का, नाही म्हणालो. शेत कोण बघते, बाबा बघतात म्हणालो. याच्या आधी कुठे होता, तर मी आठवून आठवून सात ठिकाणं सांगितली. प्रत्येक ठिकाणाला त्यांचा चेहरा खुलत गेला. मला वाटलं, माझा अनुभव बघून खूश झाले. मग दिवाणजींना म्हणाले, ‘नत्थूजी, आपला जावई आला.’ आणि मी त्याच दुपारपासून पोती उचलायला लागलो.

जावई म्हणजे काय ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. मिलच्या हजेरीबुकात अकरा वर्षांपासून नऊच नावं आहेत. एक मेला, एक सोडून गेला, तरी नऊच. डाळ निवडणाऱ्या बाया घरी पोती नेऊन निवडतात, त्या फाटकाच्या आत येतच नाहीत. म्हणून तिथले लोक स्वतःला नवग्रह म्हणतात. नत्थूजींनीच एकेकाला ग्रह वाटून दिले आहेत. भाऊजी सूर्य, कारण सगळं त्यांच्या मशीनभोवती फिरतं. हमाल बापूजी शनी, कारण ते एकदा बसले की उठत नाहीत. आणि काम जास्त झालं की नावाशिवाय जो दहावा ठेवतात, तो जावई. जावई हा दहावा ग्रह, ही आपल्याकडची म्हण त्या मिलमध्ये कामाची पद्धत झाली आहे. मला तेव्हा फार हसू आलं. खरे जावई तर भाऊजी, आमच्या घरचे, आणि ते मला मेहुण्याला हाक मारायचे, ‘काहो जावईबापू, जेवले का?’ तू पण हसायचीस.

जावई पण असातसा चालत नव्हता. ज्याला पत्ता नाही, जो महिन्या-दोन महिन्यांनी आपणहून निघून जाईल, असाच पाहिजे. म्हणून अण्णाजींचा चेहरा खुलला होता. विम्याचे इन्स्पेक्टर निघाले की बाजारातून कुणीतरी फोन करायचं, ‘पाहुणे येऊन राह्यले.’ मग नत्थूजी अंगणात येऊन मोठ्यानं म्हणायचे, ‘जावईबापू, आराम करा.’ की मी हातातलं पोतं तिथेच टाकून चुनीच्या खोलीत जायचं. ते बाहेरून कडी लावायचे. डाळ भरडताना जो चुरा आणि साल निघते ती चुनी, ढोरांना घालतात, तिची ती खोली. आत पत्रा तापतो आणि धूळ एवढी की दातांखाली कचकचते. मी दोन वेळा गेलो त्या खोलीत. पहिल्या वेळी झोपून घेतलं.

आता तुझ्या लेकीबद्दल, अंकिताबद्दल लिहायचं आहे, आणि मला तहान लागली. पाणी पिऊन आलो.

तुझ्या लग्नातला तो स्टीलचा डबा आठवतो का? तळेगावच्या बाजारात भांडीवाला मशीननं नाव कोरून द्यायचा, टिर्रर्र करत. मी चौदा वर्षांचा होतो, बैलबाजारात पाणी पाजून जमवलेल्या पैशांचा तो डबा होता. नाव डब्याच्या पोटावर टाकतात. मी म्हणालो झाकणावर टाक, वरून दिसेल. त्यानं टाकलं, ‘चि. रीता हिस, गुलाबकडून, २-५-९७’. त्यात ‘गुलाब’ मी मोठं टाकायला लावलं. आई केवढी चिडली होती. म्हणाली, अक्कल हाय का तुले, झाकण हरवलं म्हणजे नाव गेलं. आणि नेमकं तेच झाकण अंकूनं धरलं. तुम्ही तिला बाहुली आणली, चेंडू आणला, ती बघायची पण नाही. पण ते झाकण जमिनीवर उभं करून फिरवलं, की ते गरगरत खाली बसेपर्यंत ती कान लावून ऐकायची आणि स्वतः ‘गर्रर्र’ करायची. हाक मारली तर वळत नव्हती म्हणून तू तिच्या मागे ताट वाजवून बघायचीस, ऐकू येतं का म्हणून. आणि मिलच्या मशीनचा पट्टा सुरू झाला की तीच पोरगी खोलीतून धावत सुटायची. ऐकू येत नाही तर पट्टा कसा ऐकू येतो, हे कोडं आपण सगळे घालत बसलो. कुणी मुकी म्हणालं, कुणी देवाचं लेकरू. रुख्माबाई शेजारीण म्हणाली, तिला कावळ्याची उष्टी पोळी खाऊ घाला. तू ती पण घातलीस. मला ते बघवलं नाही, पण मी तुला थांबवलं नाही, कारण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं सांगायला.

मला ती आवडायची, ताई. खरं सांगतो, मला ती समजायची. तिला एका जागी बसवलं की तिचे हात हलायला लागतात. माझे पाय हलतात. एवढाच फरक.

गणपतीत तिला फिट आली, तुम्ही तिला सेवाग्रामला नेलं, डॉक्टरीणबाईंनी तीन दिवस बघून सांगितलं की हा ऑटिझम आहे, आणि फिटचा आजार वेगळा, तोही आहे. हे सगळं मी तुझ्या पत्रातूनच वाचलं. मेंदूची तपासणी, रोजच्या गोळ्या, आणि दर आठवड्याला नागपूरला एका बाईंकडे, ज्या अशा लेकरांना बोलायला आणि बसायला शिकवतात. आधी तुम्ही पॉलिसीच्या एजंटाकडे गेलात. तो म्हणाला जन्मापासूनचं आमच्याकडे चालत नाही. मोठ्या कंपनीत शेकड्यानं माणसं असली तर सगळी कुटुंबं एकदमच घेतात, तिथे कुणी विचारत नाही. मग कुणीतरी सांगितलं, कामगार विमा आहे ना, मिलमधल्या माणसाच्या बायकापोरांना विम्याच्या दवाखान्यात सगळं मिळतं. तुम्ही त्या खिडकीवर गेलात. आतल्या माणसानं एकच विचारलं, मिलमध्ये माणसं किती? भाऊजी खरं बोलणारे, सवयीनं म्हणाले नऊ. तो म्हणाला, मग नाही. वीज चालते तिथे दहा लागतात.

तेव्हा तू जे म्हणालीस ते मी पत्रात वाचलं आणि त्या ओळीवर माझं बोट थांबलं. तू त्याला म्हणालीस, ‘नऊ मानसायच्या लेकरायले बिमारी होत नाई का?’

त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली, असं तू लिहिलंस. तो काय करणार. त्यानं तर कायदा केला नाही.

ते कापडमिलमधून रिटायर झालेले मधुकरराव चांगले माणूस दिसतात. त्यांनी पुस्तक काढून भाऊजींना वाचून दाखवलं, ते तू जसंच्या तसं लिहिलंस, आणि मी ते एवढ्या वेळा वाचलं की पाठ झालं. मागच्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा माणसं कामावर असली, तर विमा लागू. आणि एकदा लागू झाला की मग माणसं कमी झाली तरी तो उठत नाही. कोणत्याही एका दिवशी! ताई, मी आयुष्यात कुठे टिकलो नाही म्हणून सगळ्यांनी मला बोल लावले, आणि कायद्याला माझा फक्त एक दिवस पाहिजे. भाऊजींनी अर्ज केला. मिल तपासायला येतात तेच साहेब म्हणाले, दहावा कोण, त्याचं नाव आणि जबाब आणा, आणि पाच डिसेंबरची तारीख दिली. उरलेल्या आठ ग्रहांनी मान खाली घातली. त्यांचं पण खरं आहे, त्यांना उद्या तिथेच पोतं उचलायचं आहे.

काल दुपारी इथे रजत आला. अण्णाजींचा पुतण्या, तो पांढऱ्या बुटांचा. मला कसं शोधलं कोण जाणे, मिलचे ट्रक याच रस्त्यानं अमरावतीला जातात, कुणीतरी बघितलं असेल. मी भज्यांची कढई घासत होतो. तो माझ्याशी एवढ्या प्रेमानं बोलला की मी कढई आणखी जोरात घासायला लागलो. आधी जेवला. बाबारावांना म्हणाला, आमचा जावई हाय हा, याले काहून घासायले लावता? मग खिशातून स्टॅम्पपेपर काढला, टाइप केलेला. त्यात लिहिलं आहे की मी बहिणीकडे पाहुणा म्हणून आलो होतो आणि मिलमध्ये कधीही काम केलं नाही. तो म्हणाला, ‘अरे गुलाब, तू तं पाहुणाच होता ना? तेच तं लिवलं हाय. खोटं कुठं हाय?’ रायपूरला त्यांच्या नातेवाइकाचं गोदाम आहे, तिथे मला कायमचं ठेवतील म्हणाला. कायमचं, हजेरीबुकात नाव टाकून. मला हसावं का रडावं कळेना. मी इथे नव्हतो असं लिहून दिलं, तर तिथे मी असेन.

मी म्हणालो वाचून बघतो. तो म्हणाला बघ, उद्या संध्याकाळी येतो. मोटारसायकलला किक मारली, आणि मग परत बंद केली. जसं काही आत्ताच आठवलं. म्हणाला, ‘पोरगी दिवसभर मिलमंदी फिरते म्हणे. ताईले सांग, सांभाळून. पट्टा काही नातं वयखत नाई.’

तेव्हापासून मला जेवण जात नाही. मी भित्रा आहे, हे तू लहानपणापासून बघितलं आहेस, विहिरीत डोकावायला पण मी तुझा हात धरायचो. त्यानं धमकी दिली की नुसतंच बोलला, मला ठरवता येत नाही. बाबारावांना विचारलं तर ते म्हणाले, असं बोलणारे काही करत नाईत, न बोलणारेच करतात. त्यानं मला आणखीच भीती वाटली, कारण अण्णाजी अजून काही बोललेले नाहीत. ताई, हे पत्र मिळेल त्याच दिवसापासून अंकूला मिलकडे जाऊ देऊ नकोस. दाराला वरून कडी बसवून घे, तिचा हात पुरणार नाही अशी. खोली मिलच्या अंगणातच आहे, खोली पण त्यांचीच आहे, हे मला माहीत आहे. मधुकररावांना विचार दुसरी कुठे मिळते का.

आता दुसऱ्या वेळचं लिहितो. दुसऱ्या वेळी मी चुनीच्या खोलीत गेलो तेव्हाचं. गुढीपाडवा शनिवारी झाला होता, त्यानंतरचा मंगळवार, १२ एप्रिल. दुपारचे साडेअकरा-बारा. मी अंगणात अंकूला झाकण फिरवून दाखवत होतो, तू नळावर गेलेली होतीस. नत्थूजींची हाक आली, जावईबापू, आराम करा. मी झाकण हातात तसंच घेऊन पळालो. झाकण माझ्याकडे, म्हणून ती माझ्या मागे. मी आत शिरलो, ती माझ्या पायांतून आत शिरली. नत्थूजींनी बघितलं नाही, त्यांनी कडी लावली. मी हाक मारणार होतो की दार उघडा, पोरगी आत आहे, पण तेवढ्यात जीपचा आवाज आला.

सुरुवातीला ती छान होती. पत्र्याच्या फटीतून उन्हाची रेघ पडली होती, त्यात धूळ उडत होती, ती बघत होती. मग तिनं झाकण मागितलं, म्हणजे माझ्या मुठीतून ओढलं, आणि खाली फिरवलं. फरशीवर ते केवढ्यानं वाजलं. आणि तिनं ‘गर्रर्र’ केलं. बाहेर साहेबांची चप्पल थांबली. माझ्यापासून चार हातांवर, मधे फक्त पत्रा. ते म्हणाले, ‘आत काय आहे?’ नत्थूजी म्हणाले, ‘चुनी हाय साहेब. उंदरं लय झाले.’

मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

तिला कुणी धरलेलं चालत नाही, तू तिची वेणी पण झोपेत घालतेस. मी तिला पोटाशी धरलं आणि तोंड दाबलं. नाक मोकळं होतं. असं मी रोज स्वतःला सांगतो, नाक मोकळं होतं. तिनं मला चावलं, अंगठ्याच्या बुडाशी, तो व्रण अजून आहे. इथे आलो तेव्हा बाबारावांना वाटलं कुत्रं चावलं, त्यांनी मला सुया घ्यायला दवाखान्यात पाठवलं, मी पुलापर्यंत जाऊन परत आलो. चावली तरी मी हात काढला नाही. साहेब बाहेर तिथेच उभे, पाणी पीत, उन्हाळा फार आहे म्हणत. झाकण माझ्या पायानं उडालं आणि मागच्या भिंतीशी, पोत्यांखालच्या लाकडी फळीच्या आत गेलं. मग एकदम ती ताठ झाली. लाकडासारखी. डोळे वर गेले, आणि हातपाय झटके द्यायला लागले. मी हात काढला तेव्हा तिच्या तोंडातून आवाजच आला नाही, फेस आला. किती वेळ ते मला माहीत नाही. जीप गेली, ते पण मला कळलं नाही. ती एकदम ढिली पडली आणि मला वाटलं, ताई, मला वाटलं मी तुझी पोरगी मारली.

ती झोपली होती. श्वास चालू होता. नत्थूजींनी कडी काढली, तिला माझ्या कडेवर बघून त्यांचा चेहरा पांढरा झाला. ते बाजूला सरले आणि मी बाहेर आलो. तिला तुझ्या खाटेवर ठेवलं. तू नळावरून आलीस, मी म्हणालो खेळता खेळता झोपली. तू म्हणालीस, चांगलं झालं, आज काही त्रास दिला नाही तिनं. आणि मी संध्याकाळच्या गाडीनं निघालो. तू माझ्यासाठी पिठलं टाकलं होतंस. चुलीवर तसंच ठेवून मी निघालो.

नंतर तू झाकण महिनाभर शोधलंस, ते पत्रात वाचलं. अंकू त्यापायी भिंतीवर डोकं आपटायची, तेही वाचलं. मला ठाऊक होतं ते कुठे आहे. सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, तिथे कसं गेलं. या एका प्रश्नाला भिऊन मी सात महिने तिला आपटू दिलं.

आणि डॉक्टरीणबाईंनी तुला विचारलं की पहिली फिट कधी आली, तर तू सांगितलंस गणपतीत. ती पहिली नव्हती. हे त्यांना सांग, तारखेसकट. त्यांना विचार, माझ्या हातानं झालं का. मी विचारू शकत नाही. उत्तर काहीही असो, मला कळव, मी वाचेन, एकही ओळ गाळणार नाही.

ताई, आता हे पान उलटून बघ. वहीची पानं संपली नाहीत, मुद्दाम हा कागद घेतला आहे. मागे तो स्टॅम्पपेपर आहे, खाली सहीची जागा कोरी आहे. ती मी कोरीच ठेवली. त्या बाजूला त्यांनी लिहिलं आहे की मी नव्हतो. या बाजूला मी माझ्या हातानं लिहितो की मी, गुलाब तानबाजी चरडे, राहणार तळेगाव (श्यामजी पंत), मंगळवार दिनांक १२ एप्रिल २००५ रोजी मिलमध्ये कामावर होतो. हजेरीतली नऊ माणसं होती आणि मी दहावा होतो. साहेब, तुम्ही त्या दिवशी चुनीच्या खोलीबाहेर पाणी पीत उभे होता आणि आत काय आहे म्हणून विचारलं होतं. आत मी होतो. त्या मिलमध्ये माझं नाव एकाच ठिकाणी आहे, त्याच खोलीत मागच्या भिंतीशी लाकडी फळीखाली, एका स्टीलच्या झाकणावर, मोठ्या अक्षरात. ताई, तो पुरावा होतो का नाही हे मधुकररावांना विचार. झाकण सापडलं की आधी साहेबांना दाखव आणि मग अंकूला दे. नाही, आधी अंकूला दे. सोमवारी पाच डिसेंबरला अकरा वाजता तुमची साहेबांपुढे तारीख आहे, मी येणार आहे, शप्पथ घेतो. पण तू मला ओळखतेस. वर्ध्याच्या स्टँडवर कुणी काही दाखवलं तर मी उतरून बघत बसेन, आणि भीती वाटली तर बघण्यासारखं काहीतरी मीच शोधून काढीन. म्हणून संध्याकाळी रजत यायच्या आत पोस्टात जाऊन हे रजिस्टर करतो आहे. मी पोचलो नाही तरी मी पोचलेला असेन. त्या दिवशी दार उघडलं तेव्हा मला बाहेर येऊन सांगायचं होतं, की आत आम्ही दोघं होतो. तेवढंच सांगायला हे सगळं लिहिलं. मला आत मोजा.

तुझाच, पिठलं न खाता गेलेला,
गुलाब
(दहावा)